पाहुणे येण्यापूर्वी शेतकऱ्याचे घर

माघाचा शुद्ध पक्ष सरत आला की शेगावच्या पंचक्रोशीतील गावोगावी केरसुण्या, खराटे व चुन्याचे डबे बाहेर निघतात. पुढे वद्य सप्तमीस श्रीगजानन महाराजांचा प्रकटदिन येतो. शके १७९९ च्या याच तिथीस, म्हणजे २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, महाराज शेगावी प्रथम दृष्टीस पडले. या दिवसांत मुंबई-नागपूर लोहमार्गावरील आमचे स्थानक माणसांनी फुलून जाते. अकोला व खामगाव या बाजूंचे रस्ते पायी येणाऱ्या दिंड्यांनी गजबजतात. संस्थानची भक्तनिवासे आहेत, महाप्रसाद आहे, आणि तेथील टापटिपीची ख्याती महाराष्ट्रभर आहे. तथापि ज्याचा आप्त दोन कोसांवर राहतो तो सहसा भक्तनिवासात उतरत नाही. लेक-जावई येतात, विहीणबाई येतात, विहीणबाईंच्या शेजारणीही येतात. आणि ‘दर्शन झाले की निघतो’ असे म्हणणारा पाहुणा दोन रात्री राहतो. त्याने तसे राहावे हीच आमच्या वऱ्हाडची रीत होय.

पाहुण्यासाठी घर झाडावे हे कोणास सांगावयास नको. ते कोणत्या क्रमाने झाडावे हे मात्र सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ घरांत तो क्रम उलटा असतो. प्रथम रस्त्याकडील भिंतीस रंग लागतो, मग ओसरी धुतली जाते, दारात रांगोळी निघते. आणि घरातील सर्व अडगळ एका खोलीत कोंबून तिच्या दारास कडी घातली जाते. बहुधा हीच खोली पाहुण्यांच्या निजावयाच्या खोलीस लागून असते. त्या कडीमागे काय काय आहे, याची एकदा यादी करावी, अशी आमची आपल्या सभासद बंधूंस विनंती आहे. यादी लिहिता लिहिताच पुष्कळ गोष्टी ध्यानात येतील.

शहरातील गृहिणींसाठी सफाईविषयी पुष्कळ लिहिले जाते. पडदे कसे धुवावे, काचा कशा पुसाव्या, गालिचावरील डाग कसे काढावे, हे सर्व त्यांत असते. ते उपयुक्तही असेल. परंतु शहरातील घर हे केवळ राहण्याचे घर आहे. शेतकऱ्याचे घर हे कोठार आहे, अवजारांची खोली आहे, औषधांचे दुकान आहे, आणि उरलेल्या जागेत माणसे राहतात. माघात तर शेत सगळेच्या सगळे घरी आलेले असते. सोयाबीनची पोती भावाच्या आशेने अजून भिंतीशी उभी असतात, तूर नुकतीच येऊन पडलेली असते, हरभरा येण्याच्या बेतात असतो, आणि माजघरात छतापर्यंत कापूस असतो. अशा घरात प्रथम केरसुणी चालविणे व्यर्थ आहे. आधी शेत घराबाहेर काढावे, मग घर झाडावे.

पहिला प्रश्न कापसाचा. भाव चढेल म्हणून तो घरात ठेवणे ही शेतकऱ्याची हौस नव्हे, गरज आहे. त्यास नावे ठेवणार नाही. परंतु आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली आहे, आणि जळिताचे पंचनामे दप्तरी लावण्याचे काम अनेक वर्षे आमच्या हातून गेले आहे. त्यांतील मजकूर पुष्कळदा एकाच वळणाचा असे. देवापुढील निरांजन, उदबत्तीची ठिणगी, पाहुण्याने ओसरीवर बसून ओढलेली विडी, अथवा कापसाच्या ढिगावरून गेलेली विजेची उघडी तार. सणासुदीस घरात माणसे वाढतात, दिवे वाढतात आणि विजेच्या माळाही वाढतात, हे यावरून ध्यानी घ्यावे. शिवाय कापसाची आग वरवर विझली असे दिसते, पण ढिगाच्या पोटात ती तासन्‌तास धुमसत राहते, आणि घरची माणसे निजल्यावर पुन्हा पेट घेते.

सबब पाहुणे येण्यापूर्वी आठ दिवस तरी कापसाची व्यवस्था लावावी. विकावयाचा असेल तर प्रकटदिनाच्या आधीच्या बाजारास न्यावा. ठेवावयाचाच असेल तर निजण्याच्या व स्वयंपाकाच्या जागेपासून दूर, स्वतंत्र खोलीत ठेवावा, त्या खोलीतून विजेची तार जाऊ देऊ नये, व दाराशी पाण्याचे पिंप आणि वाळूच्या बादल्या ठेवाव्या. कापसाच्या ढिगापाशी गाद्या पसरून पाहुण्यांस निजवू नये. आगीखेरीज यास दुसरेही कारण आहे. साठविलेल्या कापसाशेजारी राहून अंगास खाज सुटते, पुरळ उठते, हा अनुभव अलीकडे पुष्कळ घरांस आलेला आहे. पाहुणा संकोचाने बोलत नाही. घरी गेल्यावर मात्र बोलतो.

याच वेळी आणखी एक काम उरकून घ्यावे. कवडी कापूस, म्हणजे किडका व डागी माल, चांगल्या कापसातून वेगळा काढावा आणि घरात ठेवू नये. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ व मराठवाड्यात किती हाहाकार केला तो कोणी विसरलेले नाही. ही अळी सरकीत, कवडी कापसात आणि पऱ्हाटीवर वाळून राहिलेल्या बोंडांत सुप्त पडून राहते, व पुढील हंगामी पतंग होऊन बाहेर पडते. पुष्कळ घरी पऱ्हाटीची गंजी जळणासाठी परसात, भिंतीस टेकून रचलेली असते. पाहुण्यांच्या दृष्टीने ती विंचवाचे घर, अग्नीच्या दृष्टीने सरपण, आणि पुढील वर्षीच्या पिकाच्या दृष्टीने शत्रूचा तळ. तिचे काम एका खेपेस होते: यंत्राने बारीक करून खतास लावावी. जळणच हवे असेल तर तुराट्या पुरतात.

आता कडीमागील खऱ्या भयंकर वस्तूंकडे येऊ. फवारणीच्या औषधांचे अर्धे उरलेले डबे फळीवर, खाटेखाली, क्वचित मिठाच्या बरणीच्या शेजारीही असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. ती शेतात काम करणारी होती. पण तेच विष घरात खाटेखाली असते, आणि पाहुण्यांची मुले सर्वांत प्रथम खाटेखालीच शिरतात. घरच्या मुलास ‘हात लावू नकोस’ हे ठाऊक असते, पाहुण्याच्या मुलास ते ठाऊक नसते. औषधे मूळच्या डब्यातच, कुलूप असलेल्या पेटीत, घराच्या मुख्य भिंतींच्या बाहेर ठेवावी. रिकामे डबे तीनदा खळबळून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच घालून, डब्यास भोके पाडून निकामी करावे. आम्ही अशा डब्यांत तेल, रॉकेल, इतकेच नव्हे तर पिण्याचे पाणीही भरलेले पाहिले आहे. डबा दिसावयास टणक व देखणा असतो, हीच त्याची विषारी मोहिनी. फवारणीचा पंप व त्या वेळचे कपडेही घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

याहून एक वस्तू अधिक घातक आहे, आणि ती इतकी लहान असते की यादीतून हटकून निसटते. धान्यास कीड लागू नये म्हणून कित्येक जण बाजारातून आणलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोठीत किंवा पोत्यांमध्ये टाकतात. हवेतील ओलावा लागला की या गोळीतून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. तो किडीस मारतो तसाच माणसासही मारतो, आणि त्यावर उतारा असे औषध नाही. दाराची कडी माणसास अडविते, वायूस अडवीत नाही. तो फटीतून, माळ्यावरून, भिंतीच्या भेगेतून शेजारच्या खोलीत उतरतो. त्यास लसणासारखा अथवा सडक्या मासळीसारखा वास येतो असे म्हणतात, पण तो प्रत्येकास कळेलच असे नाही, निजलेल्या मुलास तर नाहीच. राहत्या घरात धान्याला गोळ्या लावून शेजारच्या खोलीत निजलेली कुटुंबे सकाळी न उठल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. याच कारणाने या गोळीचा वापर केवळ सरकारमान्य तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावा असा निर्बंध आहे. घरगुती कोठीसाठी ती नाहीच.

पाहुण्यांच्या तयारीचा भाग म्हणून घरात गोळ्या टाकणे हा प्रकार सर्वस्वी बंद करावा. ‘पाहुण्यांच्या ताटात किडकी डाळ नको’ या सद्‌हेतूने सणाच्या आदल्या आठवड्यात गोळ्या टाकल्या जातात. आणि मग त्याच घरात दहा-बारा माणसे दारे-खिडक्या लावून माघाच्या थंडीत निजतात. गोळ्या आधीच टाकलेल्या असतील तर त्या घरात कोणीही निजू नये. पाहुण्यांची व घरच्यांची सोय दुसऱ्या घरी करावी आणि कृषी विभागाच्या माणसास विचारल्यावाचून कोठी उघडू नये. कोणास मळमळ, ओकारी, छातीत दाटणे, दम लागणे असे काही वाटले तर घरातील सर्वांस ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत आणून दवाखाना गाठावा आणि गोळीचे नाव डॉक्टरांस सांगावे. घरगुती उपायांत वेळ दवडू नये. धान्य टिकविण्यास जुने मार्ग अद्याप पुरेसे आहेत: कडक उन्हात चांगले वाळविणे, कोठी झाडून, उन्ह देऊन, भेगा लिंपून घेणे, कडुनिंबाचा वाळला पाला घालणे. नव्यांपैकी हवाबंद पिशवी उत्तम. तिच्यात किडीस श्वासच मिळत नाही.

इतके झाल्यावर केरसुणी हाती घ्यावी. झाडलोट वरून खाली करावी, म्हणजे प्रथम आढे, माळा, वळचण, मग भिंती, शेवटी जमीन. आमची जमीन काळी. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्याबरोबर मातीच्या भिंतीही फाटतात. त्या भेगांत ढेकूण, झुरळे, गोचीड राहतात. चुना लावण्यापूर्वी भेगा बुजविल्या पाहिजेत. चुन्याने त्या झाकल्या जातात, बुजत नाहीत. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवावा, मुलांस दूर ठेवावे, कारण तो भिजताना उकळतो आणि डोळ्यात उडाल्यास डोळा जाऊ शकतो. उडालाच तर डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धूत राहून दवाखान्यात जावे. दुसऱ्या दिवशी गाळून, थोडा डिंक घालून दोन हात द्यावे. ओल येणाऱ्या भिंतीस तैलरंगापेक्षा चुनाच बरा. तैलरंगाचे पापुद्रे पुढच्याच पावसाळ्यात सुटतात आणि खर्च वाया जातो.

सारवणाविषयी दोन शब्द. शेणाच्या सारवणाने अंगण थंड व धूळरहित राहते यात शंका नाही. परंतु जनावरांच्या शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून ज्याच्या हातापायास ताजी जखम आहे त्याने सारवू नये, आणि बाळंतिणीची खोली शेणाने सारवू नये. पायी चालून आलेल्या पाहुण्यांच्या तळपायांस फोड आलेले असतात हेही येथे स्मरावे. त्यांच्यासाठी दाराशी कोमट पाणी, साबण व स्वच्छ पंचा ठेवावा, आणि त्यांनी बसावयाच्या जागी धुतलेली सतरंजी अंथरावी.

वाकळी व गोधड्या तीन दिवस उन्हात उलटसुलट टाकाव्या. त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. आमच्या बायाबापड्यांस ते आमच्याहून अधिक कळते.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आमच्या तालुक्यातूनही जातो. येथील पुष्कळ विहिरींचे पाणी खारे आहे. त्यात साबणास फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर चढतो, आणि नवख्या पाहुण्याचे पोट बिघडते. भांड्यांवरील थर चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाने निघतो. पिण्याचे गोडे पाणी मात्र चार दिवस आधी साठविण्याची पाळी येते, आणि तेथे घोटाळा होतो. टाकीत साठविलेल्या पाण्यास चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर दर १००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम या मानाने घालून एक तास थांबावे, मग ते वापरावे. पावडर जुनी, उघडी पडलेली, वासहीन झाली असेल तर तिचा उपयोग नाही. आणि एक गोष्ट घरातील प्रत्येकास बजावून ठेवावी: संडास धुण्याचे आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी घाईघाईने दोन्ही एकदम ओतले जातात, आणि त्यांतून निघणारा क्लोरिन वायू लहानशा न्हाणीत माणसास गुदमरवितो.

संडासाचा विषय निघालाच आहे. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात गावोगावी शौचालये झाली, हे चांगलेच झाले. पण कित्येक परसांत त्यांत कुटार, गोवऱ्या व जुनी अवजारे भरलेली असतात. सासरहून आलेल्या लेकीस आणि विहीणबाईंस पहाटे अंधारात शेताकडे जावे लागणे यासारखी नामुष्की यजमानास दुसरी नाही. ती खोली रिकामी करावी, कडी व दिवा तपासावा, पाण्याची बादली भरून ठेवावी. हे काम घराच्या मालकाने स्वतः करावे.

मालकाने, असे आम्ही मुद्दाम लिहिले. या दिवसांत आमच्या घरच्या स्त्रिया सकाळी फरदडीची वेचणी किंवा हरभऱ्याची सोंगणी करून येतात आणि दुपारनंतर घर काढतात. पुरुष तेवढ्यात पारावर बसून उत्सवाच्या वर्गणीचा हिशोब करीत असतात. ज्या वऱ्हाडात गाडगेबाबा होऊन गेले तेथे तरी हे शोभत नाही. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. महाराजांच्या प्रकट होण्याची इंग्रजी तारीखही तीच, हा योग लक्षात राहण्याजोगा आहे. गावात शिरले की ते प्रथम खराट्याने रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला. राज्य सरकारने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अभियानाच्या फलकावर बाबांच्या हाती खराटा असतो, फलक लावणाऱ्याच्या हाती तो क्वचितच दिसतो. माळा उतरविणे, कापूस हलविणे, चुना, गोठा, संडास, पाण्याची टाकी ही सर्व कामे पुरुषांनी उचलावी. मग स्त्रियांकडे जे उरते ते खरोखरच चार दिवसांचे काम आहे.

गोठा ओसरीस लागून असेल तर शेण रोज दोनदा उचलावे, मूत्राची नाली मोकळी करावी, आणि पाहुणे असेपर्यंत जनावरे परसाच्या टोकास बांधावी. बैलांस एवढी गैरसोय चालते.

भाद्रपदातील पाहुण्यांसाठी वरील क्रमात थोडा फरक करावा लागतो. महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीस, समाधी घेतली. त्या दिवशीही शेगावी मोठी गर्दी होते, आणि पाठोपाठ घरोघरी महालक्ष्म्या येतात. तेव्हा कापूस घरात नसतो, पण ओल असते. चुना त्या वेळी वाळत नाही, म्हणून भिंतीचे काम वैशाखातच करून घ्यावे. त्या दिवसांतील मुख्य शत्रू डास. डेंग्यूचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि त्याची अंडी रांजणाच्या आतील भिंतीस चिकटून कोरडीच कित्येक महिने टिकतात. पाणी ओतून टाकल्याने ती जात नाहीत. आठवड्यातून एकदा रांजण, पिंप, टाकी राखेने किंवा ब्रशाने आतून घासून कोरडी करावी लागते. पाहुण्यांसाठी पाणी साठविण्याच्या हौसेत ही घासणी राहून जाते, आणि पाहुणा प्रसादाबरोबर ताप घेऊन जातो.

शेवटी केराविषयी. महाराज प्रथम दिसले ते देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर, पंगतीनंतर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना, असे परंपरा सांगते. ज्या गावी ही कथा घरोघरी वाचली जाते, त्या गावच्या उत्सवात पत्रावळींचे ढीग नालीत पडावे हे बरे दिसत नाही. वाढताना हात आखडू नये, पण एकदम ढीगही वाढू नये. पाहुणा मागून घेईल. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणाव्या. प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेल्या कागदी पत्रावळी स्वस्त पडतात, पण त्या कुजत नाहीत, आणि गुरांच्या पोटात गेल्यास जीव घेतात.

घरातून निघालेला सर्व केर, म्हणजे कुजलेले कुटार, जुन्या छपराचे गवत, गोठ्यातील गाळ, उष्टे व पळसाच्या पत्रावळी, एका ठिकाणी साठवावा. काच, प्लॅस्टिक, औषधांचे डबे त्यात येऊ देऊ नयेत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायणराव पांढरीपांडे यांनी दाखविलेली नाडेप पद्धत यास फार सोयीची आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींत हवेसाठी भोके ठेवून बांधावे. त्यात पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेणपाण्याचा शिंपडा, त्यावर गाळलेल्या मातीचा थर, असे एकावर एक रचीत टाके भरावे आणि वरून शेणमातीने लिंपून घ्यावे. भेगा पडल्या तर पुन्हा लिंपावे, आतील ओल मोडू देऊ नये. असे खत तीन ते चार महिन्यांत तयार होते. प्रकटदिनाच्या आठवड्यात भरलेले टाके मृगाच्या सुमारास उघडता येते, आणि ते खत पेरणीपूर्वीच्या शेवटच्या वखराच्या पाळीस रानात पडते.